चोवीस पानांना दीडशे रुपये

"चोवीस पानांना दीडशे रुपये? मॅडम, एवढ्यात दोनशे पानी पुस्तक येतं."

हे वाक्य मी फेब्रुवारी-मार्चमध्ये चार वेळा ऐकलं, चारही वेळा एका कार्यालयातल्या एकाच टेबलासमोर उभी राहून. आमच्या वाचनालयाच्या बालविभागासाठी नवी पुस्तकं घ्यायची होती, त्याची ही हकीकत. पुस्तकं निवडायला आम्हाला तीन आठवडे लागले. ती निवड मंजूर करून घ्यायला जवळपास तीन महिने. गावातल्या वाचनालयासाठी किंवा शाळेसाठी ज्यांना हेच करायचंय, त्यांचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमचं गाव वाईपासून आठ-दहा किलोमीटरवर, कृष्णाकाठी. वाचनालय जुनं आहे, पण बालविभाग म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्यात माझ्या लहानपणीची पुस्तकं. कार्यकारी मंडळावर आले तेव्हा हा विभाग मी मागून घेतला. दिवाळीनंतर एका निधीतून ४०,००० रुपये मंजूर झाले. देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी पैसे दिले याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. माझा राग आहे तो पैसे आणि पुस्तकं यांच्या मधोमध बसलेल्या कार्यालयावर. अट होती ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची, नाहीतर रक्कम परत.

बातमी फुटल्याबरोबर एक पुरवठादार गाडी घेऊन दारात हजर. ४०,००० रुपयांत ९०० पुस्तकं, ५० टक्के सूट, वर एक कपाट फुकट. मंडळातले दोघं खूश झाले. मी चार संच उघडून पाहिले. लेखकाचं नाव नाही, चित्रकाराचं नाव नाही, एकच सिंह तीन पुस्तकांत जसाच्या तसा उचललेला, आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. एका गोष्टीत 'विहीर' तीन तऱ्हांनी छापली होती. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: लेखक आणि चित्रकार दोघांचीही नावं छापलेली नसतील, तर पुस्तक खाली ठेवायचं. संच घ्यायचाच नाही. एकेक नाव लिहून यादी करायची, मग ती कितीही लांबू दे.

निवड मुलांनी करायची, हे मी मंडळाच्या बैठकीत भांडून ठरवून घेतलं. एका रविवारी अकरा मुलांना घेऊन एसटीने पसरणी घाट चढून पाचगणीला आणि तिथून भिलारला गेलो. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन बसावं, वाचावं, पैसे नाहीत. बालसाहित्याच्या घरात मुलं तीन तास हलली नाहीत. कुठलं पुस्तक हातात घेतात, कुठल्या पानावर सोडतात, कुठलं दुसऱ्याला दाखवायला उठतात, एवढंच मी वहीत टिपत होते. नुसतं 'आवडलं का?' विचारलं तर मुलं हो म्हणतात, कारण आपल्याला तेच ऐकायचंय हे त्यांना कळतं.

नंतर साताऱ्याच्या एका दुकानदाराने ६० पुस्तकं दोन आठवड्यांसाठी जांगड दिली, म्हणजे पाहून परत करायच्या बोलीवर. हे मागायला लाजू नका. दुकानदार देतात, फक्त यादीवर सही करून द्यायची आणि पानं दुमडू द्यायची नाहीत. प्रथम बुक्सची पुस्तकं त्यांच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर फोनवरही वाचता येतात, मराठीतली पुष्कळ आहेत, त्यामुळे ती मागवण्याआधीच आम्ही वाचून घेतली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं स्वस्त म्हणून आधी बाजूला काढली होती. मग त्यातलीही मोठ्याने वाचून पाहिली आणि काही वगळली. अनुवादित पुस्तक मोठ्याने वाचल्याशिवाय घेऊच नये. डोळ्यांना जे खपतं ते जिभेला अडखळतं.

दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी एक साधी गोष्ट उपयोगी पडली. पुस्तक मधेच उघडायचं आणि पानावरची जोडाक्षरं मोजायची. नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला 'स्वयंपाकघर' आणि 'प्रत्यक्ष' एकाच ओळीत आले की ते पुस्तक मिटतं. पुस्तकांवर छापलेल्या वयोगटावर विसंबू नका. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी 'वय ४ ते ६'चं पुस्तक रोज वाचते आणि तिचं वाचन त्यातूनच सुधारतंय.

आठवी ते दहावीच्या मुलांनी मला एक सुनावलंच. "काकू, कपाटावर 'बाल' लिहिलंय तोवर आम्ही येणार नाही." त्यांच्यासाठी वेगळा कप्पा केला आणि एक खोका ठेवला, हवं ते चिठ्ठीवर नाव न घालता लिहा म्हणून. भुतांच्या गोष्टी, क्रिकेट, पोलीस तपास हे अपेक्षित होतं. तीन चिठ्ठ्यांवर मुलींनी मासिक पाळीबद्दल नीट सांगणारं पुस्तक मागितलं होतं. तोंडाने त्यांनी ते कधीच मागितलं नसतं. या वयासाठी मराठीत नवं कमीच मिळतं, म्हणून एकलव्य या प्रकाशन संस्थेची काही हिंदी पुस्तकंही यादीत घातली. मुलं हिंदी सहज वाचतात.

आता कार्यालय.

२६ डिसेंबरला ठराव, यादी आणि प्रकाशकांची दरपत्रकं जोडून फाइल दिली, आवक क्रमांक घेतला. दोन आठवडे शांतता. फोन केला की "टेबलावर आहे." १२ जानेवारीला स्वतः गेले, तर त्रुटीचा कागद तयार होता आणि पाठवायचा राहिला होता. त्रुटी अशी की प्रत्येक पुस्तकाला तीन दरपत्रकं नाहीत.

मी समजावून सांगितलं. खुर्ची तीन कारखाने करतात, तीन दर मिळतात. एक पुस्तक एकच प्रकाशक छापतो आणि किंमत त्याच्या पाठीवर छापलेली असते. "नियम सगळ्या वस्तूंना सारखाच," एवढंच उत्तर. मग प्रकाशकांकडून 'या पुस्तकाचे आम्हीच एकमेव प्रकाशक आहोत' अशी पत्रं मागवली. प्रकाशकांनी आठवडाभरात पाठवली, त्यांना सवय असावी. २२ जानेवारीला गेले तर संबंधित रजेवर, आणि टेबलाचा चार्ज कुणाकडेच नाही. वाई ते जिल्ह्याचं ठिकाण, एसटीचे दोन तास आणि अख्खा दिवस असाच गेला. जाण्याआधी माणूस जागेवर आहे का, हे फोन करून विचारा. मी या दुसऱ्या खेपेनंतर विचारायला लागले.

५ फेब्रुवारीला पत्रं ठेवून घेतली आणि माझ्या हातात नवा कागद दिला. आता दोन त्रुटी होत्या. दोन दरपत्रकांवर जीएसटी क्रमांक नाही, आणि काही पुस्तकांची किंमत पृष्ठसंख्येच्या मानाने जास्त. शिवाय पत्रं आली तरी तीन दरपत्रकांची त्रुटी कायमच.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथे. या त्रुटी २६ डिसेंबरच्या फाइलमध्येही होत्याच. पहिल्याच कागदावर सगळ्या लिहून दिल्या असत्या, तर माझा महिना वाचला असता. म्हणून हे नक्की करा: पहिली त्रुटी हातात पडली की तिथल्या तिथे अर्ज द्या, 'याखेरीज अन्य त्रुटी असल्यास एकत्रित कळवाव्यात', आणि पोच घ्या. हा अर्ज मी फेब्रुवारीत दिला, जानेवारीत द्यायला हवा होता.

पृष्ठसंख्येचा मुद्दा काढला तेव्हा पिशवीत ते पुस्तक होतंच. चोवीस पानांचं, मोठ्या आकाराचं, पानोपानी रंगीत चित्रं. मी ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, साहेब, एकदा बघा तरी. कागद जाड लागतो, चार रंगांत छपाई होते, चित्रकार महिनोन्‌महिने काम करतो, प्रती थोड्या निघतात, म्हणून किंमत अशी पडते. त्यांनी पुस्तक उचललं, अंगठ्याने पानं मोजली, "चोवीसच आहेत," म्हणाले आणि परत दिलं. एका चित्रावरही नजर थांबली नाही. परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ज्या पुस्तकावर अकरा मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली होती, ते कुणीतरी फक्त मोजलं होतं.

वाट दाखवली ती आमच्या मंडळातल्या निवृत्त लेखापाल काकांनी. "पुस्तकाची तुलना करू नकोस, सवलतीची कर." म्हणजे असं की प्रकाशकांना सोडायचं. आपली पूर्ण यादी, नाव-लेखक-प्रकाशक-छापील किंमत यांसह, तशीच्या तशी तीन विक्रेत्यांना द्यायची आणि या यादीवर किती टक्के सवलत देता, एवढंच लेखी मागायचं. यादीत कुणालाही फेरफार करू द्यायचा नाही. आम्हाला साताऱ्यातून १० टक्के आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दोन दुकानांतून १५ आणि २० टक्के आले. एका पानाचा तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत जास्त सवलतीच्या रकान्याखाली लाल रेघ. इतक्या दिवसांचं घोडं त्या एका पानाने पुढे सरकलं.

जीएसटीचं उत्तर कर सल्लागाराने पाच मिनिटांत दिलं. छापील पुस्तकं एचएसएन, म्हणजे करासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ४९०१ खाली येतात, मुलांची चित्रांची आणि रंगवायची पुस्तकं ४९०३ खाली, आणि दोन्हींवर कर शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी करावीच लागत नाही, मग त्याच्या कागदावर क्रमांक येणार कुठून? आणि नोंदणी असलेला विक्रेता अशा मालासाठी टॅक्स इन्व्हॉइस देत नाही, 'बिल ऑफ सप्लाय' देतो. बिल घेताना हे शीर्षक बघून घ्या. मी दरसूचीचं पान त्या दोन ओळी अधोरेखित करून जोडलं.

पृष्ठसंख्येसाठी मात्र मी कुठलाही कागद जोडला नाही. किंमत पानांवर मोजावी असा नियम कोणता, तो क्रमांकासह कळवावा, असं तीन ओळींचं पत्र दिलं. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही. पुढच्या टिपणीत ती त्रुटीच नव्हती. तरी मार्चमध्ये तक्ता द्यायला गेले तेव्हा ते वाक्य तोंडी ऐकावं लागलंच, एकदा त्यांच्याकडून आणि एकदा शेजारच्या टेबलावरून.

१९ मार्चला दुपारी साडेचारला फोन आला, मंजुरी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुणे गाठलं. ४९,८०० रुपये छापील किमतीची ३८६ पुस्तकं, २० टक्के वजा जाता ३९,८४० रुपये. सहा खोकी एसटीच्या डिकीत. प्रत्येक नाव यादीशी ताडून घेतलं आणि बदली दिलेली चार पुस्तकं दुकानातच परत केली. हे तिथेच उभं राहून करा, घरी आल्यावर कुणी दाद देत नाही. आल्या आल्या दाखल नोंदवहीत चढवण्याआधी मधल्या पिना काढून जाड दोऱ्याने शिवून घेतली, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि पहिली सुटतात ती मधली पानं.

एक मुलगा राहिला. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला, नऊ-दहा वर्षांचा. शाळा दोन-तीन गावांत विखुरलेली, वाचता जेमतेम येत होतं. जांगड आणलेल्या पुस्तकांत एक शब्द नसलेलं चित्रपुस्तक होतं. ते घेऊन तो भिंतीला टेकून बसायचा आणि बहिणीला गोष्ट सांगायचा, दर खेपेला वेगळी. पुस्तकं परत गेली, ते यादीत गेलं. जानेवारीपासून दर रविवारी तो दारात येऊन विचारायचा, "काकू, आलं का?" टोळी १४ मार्चला गेली. पुस्तक २० मार्चला आलं.

ते ११० रुपयांचं पुस्तक मी तेव्हाच पदरच्या पैशांनी घ्यायला हवं होतं. फाइल आज सुटेल, उद्या सुटेल, या भरवशावर राहिले. आता वाचनालयाच्या वर्गणीतून २,००० रुपये वेगळे काढून ठेवतो, मुलाने हात लावलेलं पुस्तक त्याच आठवड्यात घेता यावं म्हणून. त्याला कुठल्याही टेबलाची सही लागत नाही.

यंदाच्या निधीसाठी तिन्ही दरपत्रकं मी सप्टेंबरातच मागवली आहेत. मुकादमाला फोन करून विचारलं, ती टोळी याच गावात येणार आहे, दिवाळी झाली की.