आमची वाटचाल : दोन फ्रीज गाभोळी

"शिकून-सवरून शेवटी गळच विकणार का रे?" फोर्क्समधलं हे मासेमारीच्या सामानाचं दुकान घेतलं तेव्हा सांगलीहून आईने फोनवर विचारलं होतं. गळच विकले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या या पावसाळी टोकाला होह, बोगशील, सोलडक या नद्या आहेत आणि हिवाळ्यात समुद्रातून स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा, वर चढतो. दुकान चालायला एवढं पुरे. पहिली बारा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१४ डिसेंबर २०२०पासून मात्र राज्याने किनाऱ्याकडच्या नद्यांवर होडीतून मासे धरायला बंदी केली. आमिष बंद, गळ एकटाच आणि बिनकाट्याचा, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेला. वाइल्ड, म्हणजे नदीतच जन्मलेला मासा तर आधीपासूनच सोडायचा होता. २०१६पर्यंत आमच्या काही नद्यांवर हंगामात एखादा घरी नेता यायचा, मग तेही संपलं. आता शेपटीअलीकडचा चरबीचा छोटा पर कापलेला दिसला, म्हणजे मासा हॅचरीचा, माणसाने अंड्यांपासून वाढवून सोडलेला, तरच ठेवायचा.

आमचं पोट भरायचं ते होडीवाल्या गाइड लोकांवर आणि आमिष म्हणून बोरॅक्स लावून मुरवलेल्या गाभोळीवर. ऐन हंगामात दोन फ्रीज गाभोळी भरलेली आणि गिऱ्हाईक शून्य. जानेवारीत भाडं थकलं, बायकोने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या मोडल्या नाहीत, पण ते टेबल अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यातच शेजारच्या गावातल्या एका दुकानदाराने पसरवलं की, हा नियम आणायला त्या इंडियननेच लावून दिलंय. साफ खोटं. मी सुनावणीत बोललो हे खरं, पण नियम लागू झाल्यावर वर्षभराने. म्हणालो एवढंच, की पॅसिफिकचा सामन (सॅल्मन) मासा अंडी घालून मरतो, स्टीलहेडमधले काही मात्र परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. अशी मादी मारली तर पुढच्या खेपेची अंडीही गेली. यात देशद्रोह कुठे आला? १ मार्च २०२२ला नद्या लवकर बंद केल्या, तेव्हाही बोटं माझ्याकडेच.

तगलो ते एका म्हाताऱ्यामुळे. जन्मभर लाकूडतोडीत गेलेला माणूस. दर शनिवारी यायचा, गळांचं एक पाकीट घ्यायचा आणि माझ्याच काउंटरवर बसून पकडीने एकेका गळाचा उलटा काटा दाबायचा. मग गळ स्वेटरच्या बाहीत घालून ओढायचा. धागा अडकला की पुन्हा दाबायचा. सहावा-सातवा गळ हमखास तुटायचा, त्यावर शिवी. पाहता पाहता इतर लोक थांबून शिकायला लागले. मी निमुळत्या तोंडाच्या पकडी मागवल्या, गाठ नसलेल्या रबरी जाळ्या आणल्या, दोन हातांनी गळ फेकायच्या तेरा फुटी काठ्या भाड्याने देऊ लागलो. होडीतून न जाता काठावरून किंवा गुडघाभर पाण्यात उभं राहून टाकायचं, तर त्या सोयीच्या पडतात.

दुकानात येणाऱ्याला मी ऐकवतो, इथेही ऐकवतो. मासा दमवत बसू नका, गळाच्या दोरीची जाडी वाढवा. हात आधी ओले करा. फोटोसाठी मासा उचलू नका, इथे सोडायचा मासा पूर्ण पाण्याबाहेर काढणं गुन्हाच आहे. त्याला खडीवर ओढू नका, कल्ले पाण्यात राहू द्या, शेपटीने जोर लावेपर्यंत धरा. आणि गाइडला उधार कधीच देऊ नका, मग तो कितीही चांगला असो.

गाभोळी शेवटी खड्ड्यात पुरली. वास महिनाभर टिकला. एका फ्रीजमध्ये आता बायकोचं लोणचं आणि दूध असतं. दुसरा विकला. घेणारा तोच, शेजारच्या गावातला. वर भाव पाडून घेतला.