तुम्ही विचारलंत म्हणून: नाच बसवलेलाच नसतो, तर तालीम कसली?

आम्ही जिन्यात, बंद गोदामात, पार्किंगमध्ये नाचतो आणि नाच आधी बसवलेला नसतो, हे कळलं की पुढचा प्रश्न येतोच: "मग रोज तालीम कसली करता?"

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नुसतं उभं राहण्यात. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी 1972 मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांवर भार टाकत-झेलत आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, सुरू केलं, त्यांच्याकडून आलेला हा सराव. स्वस्थ उभं राहायचं आणि तोल सांभाळायला शरीर काय काय करतं ते न्याहाळायचं. घोट्याभोवतीचे स्नायू आवळतात, सैल होतात. वजन टाचेकडून चवड्याकडे सरकतं, परत येतं. हे आपण मुद्दाम करत नाही, आपोआप चालू असतं. ते जाणवू लागलं, की जोडीदाराने खांद्यावर भार टाकताच तो कुठे निघालाय हे अंगाला कळतं. आयत्या वेळी 'सुचतं' ते बहुतेक इथूनच.

मग जागेची ओळख. रंगमंचाची लाकडी जमीन किंचित दबते, उडी झेलते. काँक्रीट झेलत नाही. त्यावर उड्या मारत राहिलं की नडग्या ठणकतात, म्हणून हालचाल आपसूक जमिनीलगत येते. जिन्याचा कठडा भार पेलेल का, पायरीची कड कुठे झिजलीय, हे सगळं आधी हात लावून, पाय टेकून पाहिलेलं असतं.

आणि नियम असतात, हे लोकांना सांगायला आम्हीच कमी पडतो असं मला वाटतं. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउन यांचं 1971 मधलं 'रूफ पीस' घ्या. न्यूयॉर्कच्या सोहो भागात वेगवेगळ्या गच्च्यांवर नर्तक उभे. पहिल्याने सुचेल तसं नाचायचं, पुढच्याने ते पाहून उचलायचं, त्याच्या पुढच्याने त्याचं. एवढाच नियम! पण लांबून पाहताना मनगटाचं वळण निसटतं, हात जरा उशिरा उठतो आणि नाच गच्चीगणिक बदलत जातो. एका जागी उभं राहून तो सगळा पाहणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडेही तसंच, म्हणून आलात तर खुशाल फिरत बघा. वाटेत याल याची काळजी नको. तालमीत आमच्यातलेच काहीजण मुद्दाम नाचाच्या मधून चालत जातात आणि बाकीचे त्यांच्याभोवतीने वाट काढतात.