तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर का सोडला

चांगली पत्रकारिता चालली होती, ती सोडून विजेच्या इतिहासात पीएचडी कशाला? लग्नकार्यात विचारतात, जुने सहकारी विचारतात. उडवाउडवीची उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

२००५ चं भारनियमन आठवत असेल. मी तेव्हा वीज कव्हर करायचे, मेगावॉट, तूट, मंडळाचं विभाजन, सगळं तोंडपाठ. बामणोलीहून लाँचने कोयनेच्या बॅकवॉटरपलीकडच्या एका गावात गेले, धरणाशेजारी अंधार अशी स्टोरी करायला. एका आजींकडे वीज नव्हती. मला फोटो हवा होता म्हणून भर दुपारी दार लोटून घेतलं आणि त्यांना चिमणी लावायला सांगितली. फोटो हलला, परत लावा. वात वर करा म्हटलं तर धूर झाला, परत. चौथ्यांदा लावायच्या आधी आजींनी रॉकेलची बाटली दाराच्या फटीतल्या उजेडात धरली आणि किती उरलंय ते बोट लावून बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, पण ते खोटं आहे. कळला होता. फोटो हवा होता.

निघताना त्यांनी विचारलं, "आमच्या शेतावरचं हे पाणी जातं कुठं गं?"

मी म्हटलं, "मुंबईला."

शाळेतला नातू बसला होता तो म्हणाला, "पाणी डोंगरातनं पोफळीच्या वीजघरात जातं, मग वाशिष्ठीतनं दर्याला. मुंबईला लाईट जाती."

पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचं, हाच तर कोयनेचा गाभा, आणि वीज कव्हर करणारी मी. फोटो पहिल्या पानावर आला, कौतुक झालं. रॉकेलचे पैसे मी दिले नव्हते.

पेपरात राहूनही शिकता आलं असतं की, असं माझी मीच म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. पण मला कोयना एकटी बघायची नव्हती. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, त्याच वर्षी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात काप्ताई धरणाचीही, तिथं १ लाखाच्या आसपास माणसं उठली, बहुतेक चकमा आदिवासी. १९६३ मध्ये जपानचं कुरोबे पुरं झालं, ओसाकाकडच्या विजेसाठी, ते बांधताना १७१ माणसं मेली, त्यांची नावं धरणापाशी कोरलेली आहेत. सगळ्यांना एकाच वेळी एकच घाई का झाली होती, हे बातमीत मावत नाही हो.

म्हणजे धरणं नकोत का, हा पुढचा प्रश्न. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, एकोणीस दिवस पेटीत होती, ती पेटी विजेवरच चालत होती. मग नकोत कसं म्हणू? आणि आजींची बाटली बघितल्यावर हवीत तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

प्रबंधातलं काप्ताईचं प्रकरण लिहून झालंय, कुरोबेचंही. कोयनेचं बामणोलीच्या धक्क्यापर्यंत येतं आणि अडतं.