जुन्या ट्रकचे इंजिन बदलावे की ट्रकच काढून टाकावा?

माझ्या ट्रकचे इंजिन सध्या चेसिसमधून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले आहे. ट्रक मी वापरलेला घेतला होता आणि त्याच्या इंजिनाने माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच लवकर मान टाकली. अशा प्रसंगी सल्ल्यांना तोटा नसतो, परंतु सल्ला देणाऱ्या बहुतेकांचा त्यात थोडाफार हितसंबंध असतो. इंजिन बांधणाऱ्याला ते बांधायला हवे असते, इंजिन विकणाऱ्याला विकायचे असते आणि भंगारवाल्याला ट्रक मातीमोल भावात हवा असतो. म्हणून निर्णयापर्यंत पोहोचताना मी काय तपासले आणि कशाला किती वजन दिले, ते सविस्तर लिहीत आहे.

इंजिन खरोखरच गेले आहे का, याची खात्री सर्वांत आधी करावी लागते. स्टार्टर दिल्यावर इंजिन फिरत नसेल तर ते जाम झाले असे लगेच मानले जाते. पण पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर किंवा एअर कंप्रेसर अडकला असला, स्टार्टरचा दात रिंग गिअरमध्ये रुतून बसला असला किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वा डिझेल साचले असले, तरीही इंजिन असेच हटून बसते. शेवटच्या प्रकारात जबरदस्तीने फिरवण्याचा प्रयत्न करू नये. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टनऐवजी त्याला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात निभावणारे काम मोठे होऊन बसते. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून क्रँक हाताने फिरवून पाहिला, म्हणजे यातले बरेचसे उलगडते. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजावे. निरोगी डिझेल इंजिनात स्टार्टरवर साधारण 20 ते 30 बार दाब मिळतो. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळपास असावेत. एकच सिलिंडर ढिला असेल तर वाल्व, हेड गॅस्केट किंवा एखादी तुटलेली रिंग यांवर संशय घेता येतो, आणि तेवढ्यासाठी संपूर्ण इंजिन बदलण्याचे कारण नसते.

माझ्या बाबतीत अशी सुटका नव्हती. ऑइल सोडले तेव्हा त्याला डिझेलचा उग्र वास येत होता आणि ते पाण्यासारखे पातळ झाले होते. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या तर त्यांत धातूचा चुरा चमकत होता. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे, काढल्यावर एका बिग एंड बेअरिंगचे (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचे) शेल, म्हणजे आतली अर्धगोल पट्टी, आपल्या जागेवरून फिरलेले दिसले. शेल असे फिरले, की बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही. मग ते बेअरिंग कोरडे चालते आणि जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, चरे पडतात. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बसण्याची जागाही त्यात खराब होते, आणि तो रॉड बहुधा पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. हे सारे सुरू झाले ते गळणाऱ्या एका इंजेक्टरपासून. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत राहिले. या बिघाडात फसवा भाग असा, की डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी हळूहळू वाढते. मालक पातळी पाहून निश्चिंत राहतो, आणि आत बेअरिंगवरचा ऑइलचा थर मात्र पातळ होत जातो.

कारणाचा हा शोध इतका लांबवायचा, कारण सगळा निर्णय त्यावर टेकलेला आहे. हेच इंजेक्टर नव्या इंजिनावर बसवले असते, तर तेही त्याच वाटेने गेले असते. तुंबलेल्या रेडिएटरमुळे हेड तडकले असेल तर रेडिएटर तसाच ठेवून नवे इंजिन बसवणे व्यर्थ आहे. ओल्या लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथे सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागते तिथे, तर कारण डोळ्यांना दिसतही नाही. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षे तो मारा होत राहिल्यावर लायनरला टाचणीएवढी छिद्रे पडतात. कूलंटमध्ये योग्य रसायन टिकवून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे; नुसते पाणी भरून चालवलेल्या जुन्या ट्रकमध्ये लायनर बदलला तरी तेच पुन्हा घडते. ज्या इंजिनाचे निकामी होण्याचे कारण सांगता येत नाही, त्याच्या जागी दुसरे बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारणाला जोडूनच दुसरा हिशेब येतो, जो पहिल्या अंदाजपत्रकात क्वचितच दाखवला जातो. बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. ऑइल कूलरच्या अरुंद वाटांमध्ये अडकलेला चुरा धुऊन पूर्णपणे निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून कूलर बदललेलाच बरा. टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या ऑइलमधून धातू गेला असेल, तर टर्बो उघडून पाहिल्याशिवाय परत लावू नये. टर्बो फुटला असल्यास इंटरकूलरमध्ये (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागात) त्याचे तुकडे आणि ऑइल साचलेले असते, आणि नवे इंजिन सुरू होताच ते सरळ सिलिंडरमध्ये ओढले जाते. याखेरीज इंजिन माउंटिंग, होज, बेल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि क्रँकचे मागचे सील या गोष्टी इंजिन बाहेर असतानाच बदलायच्या, कारण नंतर त्यांतल्या काहींसाठी तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. हे सर्व धरले, की इंजिनाची किंमत आणि कामाचा एकूण खर्च यांतले अंतर लक्षात येते.

मग पाहायचा तो इंजिनाखेरीजचा ट्रक. इंजिन नवे झाले म्हणून गिअरबॉक्स नवा होत नाही. उलट थकलेल्या इंजिनाबरोबर कसाबसा निभावलेला गिअरबॉक्स पूर्ण ताकदीच्या इंजिनापुढे आपली दुखणी दाखवू लागतो. गिअरबॉक्सचे आणि डिफरेन्शियलचे (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) ऑइल काढून त्यात धातूच्या चकत्या आहेत का ते पाहावे. प्लगच्या चुंबकावरची बारीक राखाडी साय नेहमीची असते, पण टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर खर्चाचा दुसरा डोंगर उभा आहे असे समजावे. चेसिसच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ, क्रॉस मेंबरच्या जोडांवर आणि रिव्हेटच्या भोवती तडे आहेत का, दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे गंजाने ते फुगले आहेत का, जुने वेल्डिंग दिसते का, हे ट्रकखाली झोपून, तारेच्या ब्रशने घासून पाहावे लागते. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण चेसिस खाल्लेली असेल तर ट्रकच उरत नाही, आणि तिथे माझा विचार थांबला असता. माझ्या ट्रकची चेसिस कोरडी आणि सरळ निघाली. किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी) थोडे सैल होते, वायरिंगमध्ये कोणीतरी केलेले टेपचे जोड होते, पण ती कामे आवाक्यातली होती.

पुढचा विचार कोणते इंजिन बसवायचे याचा. आपलेच इंजिन बांधून घेणे मला भावनेने नव्हे, तर माहितीमुळे पटते: त्याचा प्रत्येक भाग मोजलेला असतो. ब्लॉकची आणि हेडची तड्यांसाठी तपासणी करावी, मेन बेअरिंगची ओळ सरळ आहे का ते पाहावे आणि क्रँक ग्राइंड करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे) शेल बसवता येतात का, हे लेथवाल्याकडून लेखी आकड्यांत घ्यावे. माझा क्रँक या मर्यादांच्या पलीकडे चिरला गेला होता आणि जर्नल तापून निळा पडला होता. नवा क्रँक, रॉड आणि बाकीचे काम यांची बेरीज केल्यावर ती रिकंडिशन केलेल्या, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधलेल्या, पूर्ण इंजिनाच्या किमतीच्या जवळ जाऊ लागली. ब्लॉक शाबूत असून केवळ लायनर, पिस्टन, रिंग आणि शेल लागत असते, तर मी दुसरीकडे पाहिलेच नसते.

दुसऱ्या मोडलेल्या ट्रकमधून काढलेले इंजिन सर्वांत स्वस्त पडते आणि सर्वांत कमी सांगते. ते ट्रकमध्ये असतानाच, पूर्ण थंड स्थितीतून सुरू करून दाखवले तर त्याला काही किंमत आहे. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा गोड आवाज पुराव्यात धरू नये. ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर धुराचा झोत येतो का, कूलंटवर ऑइलची साय आहे का, ट्रक कशामुळे मोडीत निघाला, हे विचारावे. अपघातात गेलेल्या ट्रकचे इंजिन चांगले असू शकते. पण मालकाने धडधाकट ट्रक मोडीत का काढला याला उत्तर मिळत नसेल, तर उत्तर बहुधा इंजिनातच असते.

जुळणी हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांची अदलाबदल तुलनेने सोपी असे. कॉमन रेलच्या इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) मात्र 1,600 ते 2,500 बार दाबाचे इंधन, त्याचे इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग आणि संगणक हे एका संचासारखे असतात; ब्लॉक वरून सारखा दिसला तरी पिढी वेगळी असल्यास ते एकमेकांना ओळखत नाहीत. धुरावरच्या उपचाराची यंत्रणाही यात येते. डिझेल किंवा ऑइल जाळत राहिलेल्या इंजिनाने आपला पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) आधीच भरून ठेवलेला असतो. इंजिन क्रमांक नोंदणीच्या कागदांत असतो तिथे तो बदलून घ्यावा लागतो, म्हणून विकणाऱ्याकडून मालकीचे कागद पैसे देण्यापूर्वी पाहावेत.

रिकंडिशन केलेल्या इंजिनाची हमी मी पूर्ण वाचली. अनेक हम्यांमध्ये फक्त सुटे भाग येतात, इंजिन पुन्हा उतरवण्याची मजुरी येत नाही. आणि ऑइल कूलर बदलल्याचा, रेडिएटर साफ केल्याचा पुरावा नसेल तर दावा नाकारण्याची मुभा विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेली असते. जुने इंजिन परत दिल्यास काही रक्कम मिळते, परंतु ब्लॉक तडकलेला असेल तर ती कापली जाते. ‘पूर्ण बांधलेले’ म्हणजे नेमके काय बदलले, याची यादी न देणाऱ्याशी मी बोलणे पुढे नेले नाही.

शेवटी पैशाचा प्रश्न मी असा मांडला: हाच ट्रक आज इंजिनाशिवाय, आहे त्या अवस्थेत दुसऱ्या कोणी विकायला काढला असता, तर मिळू शकणारी त्याची किंमत देऊन आणि वर हा सगळा खर्च करून मी तो घेतला असता का? या मांडणीत आधी खर्च केलेले पैसे आपोआप बाजूला पडतात. टायर नुकतेच घातले आहेत, ब्रेकचे काम झाले आहे, ही वाक्ये तेवढ्यापुरतीच मोजायची, जेवढी आजच्या खरेदीदाराने मोजली असती. दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच पैशांत मिळणारा दुसरा वापरलेला ट्रक ठेवावा लागतो, आणि त्याचेही इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस आपल्याला अज्ञातच असतात. ट्रक उभा राहिल्याने बुडणारे उत्पन्न दोन्हीकडे धरावे. दुरुस्तीनंतर ट्रकची विक्रीची किंमत खर्चाइतकी वाढत नाही, हे गृहीतच धरावे. म्हणून ट्रक आणखी काही वर्षे स्वतः चालवायचा नसेल तर इंजिन बदलण्यात अर्थ नाही. मला तो चालवायचा आहे, चेसिस चांगली आहे, बिघाडाचे कारण सापडले आहे. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती तरी मी तो आहे तसा विकला असता.

रिकंडिशन केलेले इंजिन ठरले आहे, सोबत नवे इंजेक्टर, नवा ऑइल कूलर आणि तपासून घेतलेला टर्बो. बसवणाऱ्याशी काही गोष्टी आधीच बोलून ठेवल्या आहेत. इंधन बंद ठेवून, ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत इंजिन फिरवायचे आणि मगच सुरू करायचे. त्यानंतर ते तासन्‌तास रिकामे घरघरत ठेवायचे नाही, कारण भाराशिवाय रिंगा बोअरवर नीट बसत नाहीत आणि भिंती काचेसारख्या गुळगुळीत होऊन ऑइल खाऊ लागतात. मध्यम भार घालून, वेग कमीजास्त करत चालवायचे. पहिले ऑइल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या खूप आधी बदलायचे, तो फिल्टर कापून पाहायचा, आणि डिपस्टिकवरची पातळी वर सरकत नाही ना, याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायचे.