खालून नको, वरून

सातारा, मंगळवार रात्र

"आता मला पुण्याला नेऊ नका." खंबाटकी चढताना आई म्हणाली. रागानं नाही, रडूनही नाही. पीठ संपलंय सांगावं तशी. मग डोक्यावरून पदर घेतला आणि सातारा स्टँड येईपर्यंत डोळे मिटून बसली. डॉक्टर काय म्हणाले ते ताईला फोनवर सांगितलंय, इथे परत लिहीत नाही. मला आत्ता फक्त हे वाक्य छळतंय.

मेट्रोनं जायचं मीच ठरवलं. स्वारगेटला एसटीतून उतरलं की जवळच खाली जायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, की नळस्टॉप. जागा मिळाली, गार हवा होती. पण आई सवयीनं खिडकीला लागून बसली आणि काचेत तिला तिचाच चेहरा दिसत राहिला. "मंडई आली हे कळायचं कसं?" म्हटलं, सांगतात गं. सांगितलंही. तिला ते पटलं नाही.

लग्नसराईच्या खरेदीला हीच बाई स्वारगेटहून तुळशीबागेत एकटी जायची. बसचा नंबर कधी पाठ नव्हता. मामलेदार कचेरी मागे पडली की पिशवी उचलायची, मंडईच्या गर्दीचा आवाज आला की दाराशी जायचं. तात्यांनाही रस्ता तीच सांगायची. आणि आज त्याच मंडईच्या पोटातून गेलो, तर तिला ओळखीचं काहीच दिसलं नाही. पुढे नदीही डोक्यावरून गेली. ते मी तिला सांगितलं नाही, घाबरली असती.

सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि पुढची गाडी पार वर, पुलावरून. म्हणजे सरकते जिने, एकावर एक. पहिल्याच जिन्याशी आईनं पाऊल उचललं, मागे घेतलं, परत उचललं. माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मागे माणसं साचली. कोणी वाकडं बोललं नाही. एक मुलगा म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का?" अगदी नीट म्हणाला. आई लगेच भिंतीला टेकून उभी राहिली, अंग चोरून. साठ माणसांचा स्वयंपाक एकहाती काढणारी माझी आई! गार्डनं लिफ्ट दाखवली, आम्ही वर गेलो, विषय संपला. असं मला वाटलं.

आधी मला वाटत होतं, ती जिन्याला भ्यायली. मग स्वतःचीच कीव आली. रजा मी टाकायची, कागद मी सांभाळायचे, आणि वर हे ऐकायचं. ताई लांबून विचारणार, "रिक्षा का नाही केली?" जाऊ दे.

पण जिना नव्हे. "माझ्यामुळं लोकं खोळंबली," हे ती आज जेवताना दोनदा म्हणाली. पंचाहत्तरी झाली म्हणून एसटीत तिकीट लागत नाही, याचं तिला किती कौतुक! कार्ड ती स्वतः कंडक्टरपुढे धरते. तिथे ती मानानं बसते. इथे ती कोणाच्या तरी वाटेत आली. हे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल का? मला ते सहन होत नाही. पुण्याचा राग येत नाही, त्या मुलाचाही नाही. त्याला ऑफिस गाठायचं असेल.

आणि एक गोष्ट मी विसरतच होते. वरच्या गाडीत बसल्यावर ती बदलली. खाली नदीपात्र, उघडी हवा. "तो भिडे पूल ना गं? पाणी आलं की बुडतो तो?" संभाजी बागेतली झाडं दिसली तशी पिशवी मांडीवर घेतली, उतरायच्या तयारीत. अजून तीन स्टेशनं होती. मी बस म्हटलं, तर म्हणाली, "असू दे, तयार असावं."

भांडी आवरताना तिला विचारलं, पुढच्या तपासणीचं काय करायचं? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते खालचं नको. वरचं चालेल."

म्हणजे स्वारगेटहून बसनं डेक्कन, टिळक रोडनं, खिडकीची जागा बघून. डेक्कनला वरची मेट्रो, गरवारे कॉलेज सोडून नळस्टॉप. तिथेही चढायला लिफ्टच, ती कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारून ठेवते. वेळ जास्त जाईल. पहाटेची विनाथांबा धरावी लागेल.