बांबूचं छप्पर ठीक आहे, पाणी कोण सोडणार?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेले सहा महिने एकच विषय चाललाय, पाच कुटुंबांनी मिळून नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे जमीन घ्यायची, मातीची घरं बांधायची, सोलर लावायचं, भाजीपाला घरचा. फोटो इतके फॉरवर्ड होतात की मला आता स्वप्नातपण बांबूचं छप्पर दिसतं. पण पाचातला एकच जण शेतकरी आहे आणि आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन अशी सहज घेता येत नाही, म्हणजे सातबाऱ्यावर नाव त्या एकट्याचं आणि पैसे सगळ्यांचे, यावर मात्र सगळे गप्प.

मला विचाराल तर अशी वस्ती टिकणार की नाही हे घर मातीचं की सिमेंटचं यावर ठरतच नाही, एप्रिल-मेमध्ये पाणी आटलं की कोणाचं ऐकायचं यावर ठरतं. आपल्याच जिल्ह्यात मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत काही शे वर्षं चालली ना! नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं की यंदा कुठला फड भिजणार ते पंच ठरवणार, सोडणार पाटकरी, शेतमालकाने मध्ये हात घालायचा नाही. स्वतःच्या शेतात काय पेरायचं ते दुसऱ्याने सांगायचं, आणि आपण ऐकायचं! आमच्यातला एकतरी ऐकेल का? मी तर नाही, खरं सांगतो.

गडचिरोलीच्या मेंढा लेखात ग्रामसभेला बहुमत चालत नाही, सगळ्यांना पटेपर्यंत परत परत बसायचं. त्याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आसपासच्या जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला, त्यामागे कित्येक वर्षांच्या अशा बैठका. आमच्या ग्रुपला भंडारदऱ्याची तारीख ठरवायला तीन आठवडे लागले आणि शेवटी दोघं आलेच नाहीत. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविल या सामुदायिक वस्तीचंही उदाहरण देतात लोक, पण १९६८ ला ते ५०,००० माणसांसाठी आखलेलं, आज काही हजारच राहतात.

परवा रविवारी मिसळ खाता खाता मी विचारलं, उद्या कोणाला बाहेर पडायचं झालं, पोरीचं शिक्षण म्हणा, आईचं आजारपण म्हणा, तर त्याचे पैसे कोण देणार, कधी, आणि कुठल्या भावाने? एक जण म्हणाला, "अरे, आपण मित्र आहोत ना यार." दुसऱ्याने अजून एक पाव मागवला.

तेव्हापासून ग्रुपवर बांबू बंद, नुसतं गुड मॉर्निंग चालू आहे.