तुम्ही विचारलंत म्हणून : साथीत आधी डॉक्टरच कसे आजारी पडतात?

मिरजेत ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक हे हमखास विचारतात : "काय वो डॉक्टर, तुम्ही तर डोक्यापास्नं पायापर्यंत गुंडाळून असता, तरी साथ आली की पहिली तुमचीच माणसं कशी आडवी हुत्यात?"

प्रश्न रास्त आहे. इथं जत-कवठेमहांकाळपासून पार अथणी-जमखंडीपर्यंतचा पेशंट येतो, आणि खोकणाऱ्यांच्या गर्दीत दिवस काढणाऱ्याला लागण जास्त होणारच. पण पेशंटची छाती तपासताना डॉक्टर सावध असतो. चूक होते ती मास्क-गाऊन उतरवताना, कोंदट खोलीत आणि चहाच्या टेबलावर.

आधी मास्कचं बघू. साधा तीन पदरी सर्जिकल मास्क लावणाऱ्याचे थेंब बाहेर उडू देत नाही, म्हणून तो खोकणाऱ्या पेशंटला द्यायचा, तोही केसपेपरच्या खिडकीवरच. आत तपासायच्या खोलीत दिला तर तोवर त्यानं अर्धा तास बाकावर खोकून घेतलेलं असतं. डॉक्टरनं घालायचा तो एन-९५. त्याच्या कापडात स्थिर विद्युतभार असतो आणि सूक्ष्म कण त्यालाच चिकटतात. मास्क धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला की हा भार जातो. मास्क दिसतो तसाच, गाळणं मात्र कमी होतं. तुटवड्याच्या दिवसांत पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून रोज एक, आळीपाळीनं वापरायचे. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरते.

आणि मास्क चेहऱ्याला बसला पाहिजे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणायची. एका हाताच्या चिमटीनं दाबली की मधोमध कोन पडतो आणि तिथूनच हवा आत येते. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर मास्क बसलेला नाही. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वेगळी परीक्षाच नको. दाढीवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण मास्कची कड दाढीवर टेकत असेल तर एन-९५ची किंमत वाया गेली.

आता उतरवणं. पोशाखात सगळ्यात घाण असतात ते हातमोजे, म्हणून ते पहिले. एका हातमोज्यानं दुसऱ्याची बाहेरची बाजू मनगटाशी धरून तो उलटा काढायचा, मग मोकळं बोट उरलेल्याच्या आत सरकवून तोही उलटा करायचा. हाताला सॅनिटायझर. मग फेसशील्ड, मागच्या पट्ट्याला धरून. मग गाऊन, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. मग खोलीबाहेर येऊन दार लावायचं आणि शेवटी मास्क : आधी खालचा पट्टा, मग वरचा, मान पुढे झुकवून, समोरच्या भागाला बोट न लावता. पुन्हा हात. सॅनिटायझर ओंजळभर नको, पण तळहात भरेल एवढा घ्यावा आणि २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईस्तोवर चोळावा. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद.

बिघडतं कुठं? खिशातला मोबाईल वाजतो. हातमोज्यासकट तो कानाला जातो, हातमोजे नंतर शिस्तीत काढले जातात आणि तोच मोबाईल घरी उशीपाशी. शिवाय हातमोजे घातले की हात धुवायला नकोत असा एक गोड गैरसमज आहे. हातमोजा घालायच्या आधीही हात स्वच्छ करायचे आणि काढल्यावरही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. आपल्याकडे निम्मे दवाखाने गाळ्यात. समोर शटर, मागे बंद भिंत. आत एसी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. १० बाय १५ फुटांचा, १० फूट उंच गाळा धरला तर आत १,५०० घनफूट हवा मावते. ती तासाला १२ वेळा बदलायची तर मिनिटाला ३०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण ५१० घनमीटर हवा बाहेर काढावी लागते. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. जाळी आणि धूळ धरून दीडपट क्षमतेचा घ्यावा. फॅन मागच्या भिंतीत बसवावा. शटरच्या वर बसवला तर शटरमधून आलेली हवा तिथूनच निघून जाते आणि मागचा कोपरा तसाच कोंदट राहतो. टेबल असं आडवं लावायचं की शटरकडून फॅनकडे जाणारा वारा डॉक्टर आणि पेशंटच्या मधून जाईल, एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर नाही. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात, सहा वेळा बदलत असेल तर ४६. आकडे नीट मिसळणाऱ्या हवेचे आहेत, कोपऱ्यातल्या हवेचे नाहीत.

याच गाळ्यात लहान मुलांना नेब्युलायझरनं 'वाफ' दिली जाते, आणि तीही वेटिंगच्या बाकावर, आईच्या मांडीवर. साथीत हे थांबवावं. बहुतेक मुलांना तेच औषध स्पेसर (तोंड आणि इन्हेलरच्या मधली पोकळ नळी) लावलेल्या इन्हेलरनं देता येतं. नेब्युलायझर द्यायचाच झाला तर वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी, जवळच्याला एन-९५.

कोविडच्या साथीत गावोगाव झालेली फवारणी आठवत असेल. माणसांवर हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) मारू नये, उपयोग नाही आणि डोळे-कातडी जळते. ते पृष्ठभागासाठी : ५ टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी, की १ टक्का होतं. रोज ताजं करायचं, आधी धूळ-घाण पुसायची, आणि टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडात कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

राहिला चहा. वॉर्डात चार तास मास्क न काढणारी चौघं जण खिडकी नसलेल्या खोलीत मास्क काढून समोरासमोर बसतात. त्यातल्या एकाला लागण असेल तर काम झालं. फ्लू लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरू शकतो, त्यामुळे "मला काही होत नाही" याला अर्थ नाही. साथीत दोघादोघांनी, उघड्यावर किंवा गच्चीवर चहा घ्यावा.

आणि ताप आलेला डॉक्टर क्रोसिन घेऊन ओपीडीला बसतो, ते तर सगळ्यात वाईट. लांबून आलेला पेशंट परत पाठवायला त्याला जड जातं, दिवसाची कमाईही बुडते. म्हणून ही सोय साथ येण्याआधी करून ठेवावी : जवळच्या दोन डॉक्टरांशी बोलणं, शटरवर लावायची पाटी तयार. तापाची गोळी न घेता ताप उतरून २४ तास झाले की मगच शटर वर.